परदेशातलं घर, खान्देशातले दाखले आणि प्रत्येक कागदावर वेगळं नाव

पांझराकाठ (धागाकर्ती)

राम राम मंडळी. माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, सासर पारोळ्याजवळचं, आणि आता बरीच वर्षं आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात आहोत. ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्याच्या अर्जाची तयारी चालू आहे. वकीलबाईंनी माझे आणि मुलांचे सगळे दाखले मागितले. ते एका ठिकाणी काढले तेव्हा दिसलं की कागदोपत्री मी एक बाई नाहीच.

सविस्तर लिहिते, कारण असा गुंता आपल्याकडच्या बऱ्याच घरांत असणार.

जन्मदाखला मामाच्या गावच्या ग्रामपंचायतीचा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद तिथली. बाळाच्या नावाचा रकाना कोरा, लिंगापुढे ‘स्त्री’ एवढंच. वडिलांच्या नावाच्या जागी ‘बापू’, कारण त्यांना सगळे बापूच म्हणायचे आणि नोंद द्यायला गेलेल्या मामांनी तेच सांगितलं. आईचं नाव तिचं लग्नाआधीचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं शाळेतलं नाव. पासपोर्ट लग्नानंतरचा: नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव, आडनाव चौधरी. ते माझ्या पासपोर्टवर सी-एच-ओ-यू ने सुरू होतं, यांच्या पासपोर्टवर सी-एच-ए-यू ने. जन्मस्थळ म्हणून वडिलांचं गाव छापलेलं. मुलं इथे जन्मली. इथल्या दाखल्यावर आईचं लग्नाआधीचं आडनाव घेतात, म्हणून तिथे पाटील.

आईचं तर अजून अवघड. तिला पुढच्या वर्षी इकडे आणायचं आहे. माहेरी तिचं नाव सिंधू, सासरी आल्यावर ठेवलेलं नाव वेगळं. आधारवर सासरचं नाव आणि पुढे ‘बाई’, रेशनकार्डावर ‘बाई’ नाही, चौथीच्या शाळेच्या दाखल्यावर सिंधू. फोनवर हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, ‘मी तर तीच शे ना!’

ती तीच आहे हे तिला, मला आणि अख्ख्या गावाला माहीत आहे. अनोळखी अधिकाऱ्याला ते कसं पटवायचं, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

----

दुबई_व्हाया_भुसावळ

ताई, एवढं टेन्शन घेऊ नका. कोर्टाजवळ नोटरीकडे जा, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. माझं बँकेचं आणि गॅस कनेक्शनचं काम त्यावरच झालं. फक्त शंभराचा स्टॅम्प आता मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तो बंद होऊन पाचशेचा झालाय.

----

सातपुडा_सावली

भाऊ, बँकेत चालतं ते सगळीकडे चालत नाही. प्रतिज्ञापत्रात तुम्ही स्वतःच स्वतःबद्दल सांगता. बँकेला तेवढं पुरतं, कारण ती तुम्हाला ओळखते. इमिग्रेशनवाले त्याच्या मागे कागद मागतात.

पांझराकाठ, आमच्या घरी यातलं बहुतेक सगळं होऊन गेलंय (मी चोपड्याची, सध्या टेक्सास), त्यामुळे जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी ठरवा की कोणत्या कागदाला हात लावायचा नाही. तुमच्या बाबतीत तो पासपोर्ट. तुमचा व्हिसा, इथलं लायसन्स, सोशल सिक्युरिटी, टॅक्स, घराचे कागद, सगळं पासपोर्टवरच्या नावाला बांधलेलं आहे. सी-एच-ओ असो वा सी-एच-ए, ते तसंच राहू द्या. नवरा-बायकोच्या आडनावाचं स्पेलिंग जुळलंच पाहिजे असा नियम नाही. लग्नाच्या दाखल्यावर ज्याच्या त्याच्या पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग असलं की झालं. इथे येऊन दहा वर्षं झाल्यावर एक अक्षर सुधारायला पासपोर्ट बदलला तर त्यामागे इथले सगळे कागद बदलत बसाल.

दुसरं, जन्मदाखल्यात नाव नाही म्हणून कोणी तुम्हाला ‘नोंद नसल्याचा दाखला’ काढायला सांगेल. तो काढू नका. तो ज्यांची नोंदच सापडत नाही त्यांच्यासाठी असतो. तुमची नोंद आहे, फक्त अपुरी आहे. नोंद असताना नोंद नसल्याचा कागद जोडला तर नवाच प्रश्न उभा राहतो. तुम्ही आहे तो दाखला द्या, नाव घालून घेता आलं तर घ्या, आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्माची माहिती असलेल्या दोन जणांची प्रतिज्ञापत्रं.

आणि इथल्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘पूर्वी वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो. तिथे लग्नाआधीचं नाव, दुसरं स्पेलिंग, सगळं लिहा. आपल्याकडची माणसं तो रकाना घाबरून कोरा सोडतात, आणि मग जुन्या नावाचा कागद समोर आला की अधिकाऱ्याला वाटतं काहीतरी लपवलंय.

----

तात्या_अनेर

मी ग्रामसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. सातपुडा ताईंनी तिकडची बाजू छान सांगितली, मी इकडची सांगतो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यातलं कलम १४ नाव घालण्याचं. नावाशिवाय नोंदलेल्या बाळाचं नाव बारा महिन्यांपर्यंत फुकट, पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. जुन्या नोंदींसाठी शासनाने ही मुदत वेळोवेळी वाढवून दिली आहे. म्हणून ‘मुदत संपली’ असं तोंडी उत्तर मिळालं तर तिथेच थांबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तालुक्याला गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मुदत चालू आहे का ते विचारा.

वडिलांचं नाव ‘बापू’ लागलंय, ते कलम १५ मध्ये जातं. इथे लोकांची एक गैरसमजूत असते की रजिस्टर खोडून नवीन लिहितात. तसं कधीच होत नाही. मूळ ओळ जशीच्या तशी राहते, समासात दुरुस्तीचा शेरा पडतो, खाली निबंधकाची सही आणि तारीख. मी असे कितीतरी शेरे लिहिलेत. त्या लांबट वहीत निळ्या शाईची जुनी ओळ आणि बाजूला अरुंद समासात दाटीने लिहिलेला लाल शेरा, असं ते पान दिसतं. परदेशी वकील कधीकधी विचारतात की मूळ नाव अजून का दिसतंय. कायदाच तसा आहे, हे त्यांना सांगा.

शेरा मारायला ग्रामसेवकाला पुरावा लागतो. वडिलांचा शाळेचा दाखला, सातबारा, मतदार यादी, जे जुनं असेल ते न्या. काल काढलेल्या आधारपेक्षा चाळीस वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखला जास्त वजनाचा.

आणि नोंद सापडतच नाही असं झालं तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ बघा, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचं पुस्तक, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. खान्देशात बऱ्याच गावांची ही पुस्तकं अजून शाबूत आहेत. फार जुनी असतील तर मोडीत, मग मोडी वाचणारा शोधावा लागतो.

----

रावेर_ते_ऱ्हाईन

तात्यांचा प्रतिसाद जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. भारत २००५ पासून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) करारात आहे, त्यामुळे बऱ्याच देशांत आपल्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागलं की भागतं. जर्मनीने मात्र भारताच्या बाबतीत त्याला हरकत घेतलेली आहे. इथल्या कार्यालयाला आपला जन्मदाखला किंवा लग्नाचा दाखला तपासायचा असेल तर भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळणी होते आणि माणूस खरोखर गावात जाऊन मूळ रजिस्टर बघून येतो.

आमच्या मुलीचा जन्म इथला. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव एकत्र, जन्मदाखल्यावर वेगळं, बायकोच्या लग्नाच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव. नोंदणी कार्यालयाने मुलीच्या दाखल्यावर शेरा टाकला की आई-वडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही. स्वतःच्या लेकीच्या पहिल्या कागदावर असं वाक्य वाचणं फार जिव्हारी लागतं. पडताळणी पूर्ण झाल्यावर शेरा निघाला, पण त्यासाठी आधी केळीच्या बागांमधल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत समासातला शेरा पडावा लागला.

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. पासपोर्टला हात लावू नका हे खरं, पण मुळाची नोंद तशीच सोडून वरवर प्रतिज्ञापत्रं रचत गेलात तर जर्मनीसारख्या देशात ती उपयोगी पडत नाहीत.

----

सातपुडा_सावली

पटलं. देशाप्रमाणे फरक पडतो. अमेरिकेत दुय्यम पुरावा घेतात, तुमच्याकडे रजिस्टर बोलतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन्ही करावं.

----

भालोद_फैजपूर

आडनावाचाही विषय येऊ द्या. आमच्या लेवा समाजात हे घराघरांत आहे. शाळेत गुरुजींनी एका भावाचं आडनाव पाटील लावलं, दुसऱ्याचं कुळाचं. आम्ही सख्खे भाऊ, एकाच आईच्या पोटचे, आणि कागदावर आडनावं दोन. मोठे भाऊ कॅनडात. त्यांनी आईला बोलावलं तेव्हा आईच्या पासपोर्टवर पाटील आणि मुलाच्या पासपोर्टवर कुळाचं आडनाव. नातं सिद्ध करायला भावाच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव कामाला आलं.

आता पुढच्या पिढीसाठी आम्ही सगळ्यांनी कुळाचं आडनाव नक्की केलंय. त्यासाठी राजपत्रात नाव छापून घेतलं. अर्ज शासन मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन होतो.

----

तात्या_अनेर

भाऊ, राजपत्राबद्दल एक गोष्ट जोडतो. राजपत्र सांगतं की अमुक तारखेपासून या माणसाने हे नाव घेतलं. त्याआधीच्या नोंदीत चूक होती असं ते सांगत नाही. ज्यांना आडनाव खरंच बदलायचंय त्यांना ते योग्य. पांझराकाठ ताईंच्या वडिलांचं ‘बापू’ सुधारायला राजपत्र काढलं तर उलट नवीन नाव घेतल्यासारखं होईल. तिथे कलम १५ च हवं.

----

यावलची_लेक

शिक्षणाच्या कागदांचं कोणी लिहिलं नाही. आमचं आडनाव झोपे. दहावीला झेड-ओ-पी-ई, पदवीला जे-एच-ओ-पी-ई. तशात माझी पदवी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९० ला सुरू झालं, त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती, आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आपल्या बहिणाबाईंचं नाव लागलं याचा अभिमान आहेच. पण पदवीवर एक नाव आणि आता मागवलेल्या ट्रान्सक्रिप्टवर दुसरं, हे गुणपत्रकं तपासणाऱ्या परदेशी संस्थेला कळत नाही. ट्रान्सक्रिप्टसोबत विद्यापीठाकडून नावबदलाचं पत्र मागून घ्या, सोपं पडतं.

बोर्डाच्या प्रमाणपत्रात दुरुस्ती असेल तर ती शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जाते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे तिथेच. आधी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव बरोबर आहे का बघा. रजिस्टर बरोबर आणि प्रमाणपत्रात चूक असेल तर काम लवकर होतं. रजिस्टरमध्येच चूक असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जावं लागतं.

----

पांझराकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्यापुरतं असं ठरवतेय: पासपोर्ट तसाच. मामाच्या गावी भाऊ जाऊन कलम १४ आणि १५ चे अर्ज एकत्र देईल. तोवर शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रं तयार ठेवते. जन्मगाव पासपोर्टवर वेगळं आहे त्याबद्दल वकीलबाई वेगळं पत्र जोडणार आहेत.

आता आईचं सांगा. तिचा पासपोर्ट अजून काढलेला नाही, आणि मला तिच्या बाबतीत घाईत काही करायचं नाही. आपल्या सगळ्यांच्या घरांत बघा, पुरुषांच्या कागदात एखादं अक्षर चुकलेलं असतं, बायकांचं अख्खं नावच बदललेलं असतं. गाव बदललं, आडनाव बदललं, बापाच्या जागी नवरा आला, वर हाक मारायचं नावही नवं. आणि पुरावा शोधायची वेळ आली की त्यांनीच शोधायचा. माझ्या आईला तिच्या दोन्ही नावांसकट इथे येता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.

----

तात्या_अनेर

ताई, आईसाहेबांचा पासपोर्ट अजून काढलेला नाही हे चांगलंच आहे. आधी एक नाव कायम करा. माझ्या मते सासरचं, आधारवरचं, कारण बँक, मतदार यादी, शेत सगळं त्यावर असणार. ‘बाई’ ठेवायचं की काढायचं ते आताच घरात बसून ठरवा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर जाताना स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि ऑपरेटरच्या पडद्यावर स्वतः वाचून मगच पावती घ्या. मराठीतलं नाव टाइप केलं की इंग्रजी आपोआप उमटतं, आणि घोळ तिथेच होतो. पॅनकार्डही त्याच नावावर आणा.

पासपोर्टच्या अर्जात दोन प्रश्न असतात: इतर कोणत्या नावाने ओळखले जाता का, आणि पूर्वी नाव बदललंय का. तिथे सिंधू आणि माहेरचं आडनाव नीट भरा. जन्मतारखेला जुन्या माणसांना जन्मदाखलाच हवा असं नाही, पॅन चालतं. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतर जन्मलेल्यांना आहे.

माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा सगळ्यात पक्का कागद म्हणजे लग्नाचा दाखला. लग्न जुनं असलं तरी १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली आताही नोंदवता येतं, विलंब शुल्क भरून. नमुना ‘ई’ मध्ये दाखला मिळतो. वडील हयात असतील तर दोघांनी जाऊन करून घ्या.

----

पांझराकाठ (धागाकर्ती)

वडील आहेत. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. या दिवाळीला करून घेते.

----

गिरणा_मामा

कोणी शेतीबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर लेकीचं नाव लागतं ते माहेरच्या नावाने, आणि तिच्या पासपोर्टवर सासरचं नाव. पुढे हक्कसोड करायचा, वाटणी करायची किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला घ्यायचा म्हटलं की हा फरक आडवा येतो. वारस नोंदीच्या अर्जातच ‘लग्नाआधीचे नाव अमुक, लग्नानंतरचे अमुक’ असं दोन्ही लिहून द्या. फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, त्या काळात मसुदा वाचून घ्या. निव्वळ लेखनातली चूक नंतर दिसली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज.

तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते भारतीय वकिलातीसमोर किंवा तिथल्या नोटरीसमोर करा, आणि इकडे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा. त्यात नाव पासपोर्टप्रमाणे आणि ‘उर्फ’ लावून सातबाऱ्याप्रमाणे, दोन्ही.

----

शहादा_९०

माझ्या जन्मदाखल्यावर शहादा, जिल्हा धुळे. पासपोर्टवर जिल्हा नंदुरबार. याने अडतं का?

----

तात्या_अनेर

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या दाखल्यावर धुळे असणं बरोबरच आहे, दुरुस्ती मागू नका. जिथे विचारतील तिथे ही तारीख लिहून द्या.

----

साक्री_सिंगापूर

आमच्याकडे पुढच्या महिन्यात बाळ येतंय, बायको धुळ्यालाच आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम राज्याने केलाय ना? पासपोर्टला कसं लिहायचं?

----

सातपुडा_सावली

अभिनंदन! हो, राज्याने तसा क्रम केलाय. पासपोर्टला दाखला डोळ्यासमोर ठेवून अक्षर न् अक्षर तेच भरा, आडनाव आडनावाच्याच रकान्यात. तो रकाना कधीही रिकामा सोडू नका. ज्यांच्या पासपोर्टवर आडनाव नाही त्यांच्या अमेरिकन व्हिसावर पूर्ण नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिलं नाव अज्ञात) छापतात, पुढे लायसन्सपर्यंत तेच चालू राहतं. यूएईनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला होता. दवाखान्यात फॉर्म भरताना बायकोच्या पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवा, म्हणजे आईचं नाव तरी सुरुवातीपासून एकसारखं लागेल.

----

पांझराकाठ (धागाकर्ती)

एक शेवटचं. जन्माच्या प्रतिज्ञापत्रासाठी मोठी मामी चालेल का? माझ्या जन्माच्या वेळी घरात तीच होती, पण ती फक्त अंगठा करते.

----

सातपुडा_सावली

चालेल, आणि तिच्यासारखा साक्षीदार दुसरा नाही. वयाने मोठी, जन्माच्या वेळी हजर, हेच तर हवं असतं. प्रतिज्ञापत्रात तिचं पूर्ण नाव, पत्ता, तिची जन्मतारीख आणि जन्मगाव, तुमच्याशी नातं, तुमचा जन्म कधी आणि कुठे झाला, आई-वडिलांची पूर्ण नावं आणि हे तिला कसं ठाऊक आहे, एवढं हवं. ‘बापू’ हे वडिलांचं घरचं नाव होतं हेही तिच्याच तोंडून येऊ द्या. मजकूर तिला मराठीत वाचून दाखवला आणि तिला समजला, अशी ओळ नोटरीकडून घालून घ्या, अंगठा त्याच्यासमोरच होऊ द्या. मग इंग्रजी भाषांतर वेगळं जोडा.